ओल्ड गोवा आणि मंगेशी एकाच दिवशी: आधी पडकं, मग चर्च

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बडोद्याच्या कारेलीबागेतून सात माणसं निघणार, त्यात ७६ वर्षांच्या सासूबाई ज्यांचे गुडघे दुखतात, सासरे, तुम्ही दोघं, नणंद आणि ६ नि ११ वर्षांची दोन मुलं. मुक्काम कळंगुटला, ओल्ड गोव्यासाठी हातात एकच दिवस, आणि त्याच दिवशी मंगेशीचं दर्शन पण हवंय कारण ते तुमचं कुलदैवत. विचारलंय की एका दिवसात सगळी चर्चेस होतील का आणि कोणत्या क्रमाने करावीत. मी बडोद्याहून छोटे फॅमिली ग्रुप कोकण-गोव्याला नेते, दांडिया बाजार, रावपुरा, राजमहाल रोड इकडची आपलीच मंडळी जास्त, त्यामुळे हा प्रश्न या ना त्या रूपात येतच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळी चर्चेस होतील का, तर होतील. अंतरं काहीच नाहीत तिथे. बॉम जीझस चर्चसमोरचा रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, त्याच्या मागेच सेंट फ्रान्सिस असिसी, अजून पाच-सात मिनिटं चाललं की सेंट कॅजेटन. पण तुमची खरी अडचण तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीय, की सासरे म्हणतात देवाला निघालोय तर चर्चेस कशाला, आणि मुलं म्हणतात बीच सोडून काहीच नको. म्हणजे एका गाडीत तीन वेगवेगळ्या ट्रिपा बसल्यात, आणि त्यात तुम्ही पाच-सहा चर्चेस कोंबलीत तर तिसऱ्या चर्चला मुलं बाकावर लोळतील, सासरे बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसतील आणि सासूबाईंचे गुडघे ज्याच्या-त्याच्या पायऱ्या मोजतील. हे मी नेहमी बघते.

म्हणून माझा सल्ला असा की दोन चर्च आतून, एक पडकं अगदी नीट, आणि जेवण करून मंगेशी. बाकी सगळं येता-जाता बाहेरून. आणि क्रम उलटा ठेवा, म्हणजे पडकं आधी.

टॅक्सीवाले असं करत नाहीत, ते तुम्हाला सरळ बॉम जीझसपाशी सोडतात कारण पार्किंग तिकडे आहे. तुम्ही सकाळीच सांगून ठेवा की आधी सेंट ऑगस्टीन टॉवर, म्हणजे ते पडकं चर्च. गाडी वर गेटपर्यंत जाते, टेकडीवर पायी चढायची गरज नाही. कारण एक तर ऊन. तिथे छप्पर म्हणून काही उरलेलंच नाही, मोकळं आवार आणि जांभा दगड, आणि तुम्ही म्हणताय दिवाळीच्या सुट्टीत जाणार, म्हणजे पाऊस नुकताच गेलेला नि घामाच्या धारा. नऊच्या सुमारास पोचलात तर सासूबाईंना पण सोसतं, अकरानंतर मीच कोणाला नेत नाही. चर्चच्या जाड भिंतींच्या आत मात्र भर दुपारी पण गार असतं, मग गार जागा उन्हाच्या वेळेसाठी राखून ठेवायच्या, सकाळी वाया कशाला घालवायच्या.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पडकं आधी बघितलं की पुढची चर्चेस कळतात. ऑगस्टीनला भिंती पडून उभ्या फाकल्यात, पुरणपोळी मोडल्यावर आतलं पुरण दिसावं तशी भिंत आतून दिसते: जांभ्याचे चिरे, मध्ये चुना, वर चुन्याचा जाड गिलावा, काही ठिकाणी गिलाव्यावर अजून निळ्या टाइलचे तुकडे चिकटलेले. मुलांना इथे हात लावून नाही पण जवळ जाऊन बघू द्या, चिऱ्याला भोकं-भोकं असतात आणि ओल धरली की तो गडद लाल होतो. मग खाली बॉम जीझसला गेलात की तीच लाल भिंत बाहेरून उघडी दिसेल, कारण १९५० च्या दशकात तिथला गिलावा मुद्दाम काढून टाकला, आणि तेव्हापासून पावसाने तो दगड झिजतोय म्हणून परत गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहे. आणि तिसऱ्यांदा से कॅथेड्रलला तीच भिंत पांढऱ्या चुन्याने झाकलेली, जशी मुळात सगळीच होती. एकच भिंत तीन अवस्थांत, उघडी, सोललेली आणि झाकलेली. अकरा वर्षांच्या मुलाला हे सांगून तर बघा, पुढच्या दोन्ही ठिकाणी तोच तुम्हाला दाखवत सुटेल.

ऑगस्टीनची गोष्ट पण मोठी आहे. १६०२ च्या सुमाराला चर्च बांधून झालं, टॉवर ४६ मीटर उंच. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने ख्रिस्ती साधूंचे धर्मसंघ हाकलून दिले, मठ ओस पडला, ज्याची डागडुजी करायला माणूस नाही ती इमारत किती टिकणार, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये पुढची बाजू आणि अर्धा टॉवर गेला. आज उभा दिसतो तो उरलेला अर्धा. मुलांना विचारा याची घंटा कुठे गेली असेल. ती पणजीला आहे, ते पांढऱ्या नागमोडी जिन्यांचं चर्च असतं ना प्रत्येक फोटोत, त्याच्या माथ्यावर. संध्याकाळी कळंगुटला परत जाताना पणजीवरूनच जायचंय, गाडी स्लो करून दाखवा, सहा वर्षांच्या मुलाला पण तेवढं पुरतं.

नणंदेसाठी अजून एक. जॉर्जियाची राणी केतेवान, तिला १६२४ मध्ये इराणात शिराझला धर्म सोडत नाही म्हणून मारलं, आणि ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग इथे गोव्यात आणून ठेवला. पुरातत्त्व खात्याला उत्खननात हाडं मिळाली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, आणि २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अस्थी जॉर्जियाला नेऊन दिल्या. हे सगळं त्या पडक्या आवारात उभं राहून सांगितलं की कोणी मोबाइल काढत नाही.

पाऊण तास इथे पुरे. खाली जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत, त्यावर नक्षी आणि पोर्तुगीज अक्षरं, मुलं त्यावरून उड्या मारणार हे धरून चला आणि आधीच सांगून ठेवा. आवार खडबडीत आहे, सासूबाईंनी सगळं फिरायची गरज नाही, आत शिरल्यावर मधल्या मोकळ्या भागातूनच टॉवर पूर्ण दिसतो, तिथे एक माणूस त्यांच्यासोबत थांबला की झालं. पाऊस लांबलेला असेल आणि शेवाळ असेल तर त्यांना सरळ गाडीतच बसवा, जांभ्यावरचं शेवाळ फार वाईट.

मग बॉम जीझस. १५९४ ला सुरू, १६०५ ला पूर्ण. बाहेरच्या लाल भिंतीत दर्शनी बाजूला जो काळा कोरीव दगड दिसतो तो वसईहून आणलेला, सासऱ्यांना सांगा, चिमाजी अप्पांनी पुढे १७३९ मध्ये घेतली तीच वसई. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव चांदीच्या पेटीत आहे, ते १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि दोन वर्षांनी शव गोव्यात आणलं. पेटी गोव्यातल्याच कारागिरांनी १६३७ च्या सुमाराला घडवली, आणि खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकने पाठवला, तो १६९८ मध्ये बसवला. लोकांना वाटतं शव जवळून बघायला मिळेल, तसं नाही, पेटी खूप उंचावर आहे, खालूनच बघायची. दर दहा वर्षांनी खाली आणतात, मागच्या वेळी नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असं झालं, म्हणजे आता बराच काळ नाही. हे घरून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवलं की तिथे हिरमोड होत नाही.

आणि सासऱ्यांना इथे जी गोष्ट सांगायची ती मी सहसा चर्चच्या बाहेरच सांगते. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांनी रात्री जुवे बेट घेतलं, ओल्ड गोव्यापासून ते इतकं जवळ की नदीपलीकडेच म्हणा. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर परत घ्यायला गेला तर मार खाऊन, जखमी होऊन कसाबसा पळाला. मग त्याने या चर्चमध्ये येऊन झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड संताच्या हाती ठेवला, की आता गोवा तुम्हीच सांभाळा. मागून औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मोगल फौज आली म्हणून राजांना फिरावं लागलं. जे काका सकाळपासून चर्चेस कशाला म्हणत असतात ते हे ऐकल्यावर आपणहून आत जातात आणि पेटी कुठली ते विचारतात.

से कॅथेड्रलला मी मुद्दाम शेवटी नेते कारण ते बसायचं ठिकाण आहे. मोठं, उंच, गार, बाकंच बाकं. १५६२ ला काम सुरू झालं, १६१९ ला इमारत उभी राहिली, आतल्या वेद्यांचं काम त्यानंतरही चाललं. पुढे दोन टॉवर होते, एक १७७६ मध्ये पडला आणि परत बांधलाच नाही, त्यामुळे समोरून बघताना एक खांदा नसल्यासारखं वाटतं. उरलेल्या टॉवरमधल्या घंटेला सोन्याची घंटा म्हणतात, आवाजामुळे, सोनं वगैरे शोधू नका. सासूबाईंना बाकावर टेकू द्या वीस मिनिटं, तेवढ्यात ज्याला हौस आहे त्याने बाजूच्या मठातलं पुरातत्त्व म्युझियम करून यावं, तिथे वीरगळ आहेत, पोर्तुगीज विजरईंची रांगेने चित्रं आहेत. शुक्रवारी ते बंद असतं, आणि एरवी पण आदल्या दिवशी चालू आहे ना विचारून घ्या.

सेंट कॅजेटनला आत नाही गेलात तरी चालेल पण त्याच्या आवारात काळ्या दगडाची एक चौकट एकटी उभी आहे ती गाडीतून उतरून बघा. आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा, वाडा कधीच गेला, चौकट राहिली. १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला त्याच्या आधीचं इथे जमिनीवर उभं असलेलं जवळपास हेच. मला स्वतःला सगळ्या ओल्ड गोव्यात ही चौकट फार आवडते, तिच्यापाशी कोणी थांबत नाही. व्हाइसरॉय आर्च नदीकडच्या रस्त्यावर आहे, गाडी त्याखालूनच जाते, १५९९ ची मूळ कमान, आता जी आहे ती १९५४ मध्ये परत बांधलेली, उतरू नका.

आता काही बारीकसारीक. चर्चमध्ये चपला काढायच्या नसतात, आपली आजी मंडळी सवयीने दाराशी काढतात आणि मग गर्दीत जोड शोधत बसतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मुलींचे-मुलांचे बीचचे कपडे नकोत, त्याच कपड्यांवर मंगेशीला पण अडवतील, त्यामुळे सकाळीच देवळाचे कपडे घालून निघा म्हणजे दोन्हीकडे निभतं. फोटोला फ्लॅश नको आणि वेदीसमोर पोझ देऊन तर अजिबात नको. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, असते, बॉम जीझसला बघायला येणाऱ्यांना साडेदहाच्या आसपास सोडतात, त्यामुळे रविवार टाळलेलाच बरा.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतील, की इथे लोकांना जबरदस्तीने बाटवलं ना. उडवून लावू नका आणि चर्चच्या आत भाषण पण देऊ नका. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२, मध्ये थोडी वर्षं बंद होतं, त्याची इमारत से कॅथेड्रलच्या जवळच्या चौकात होती, आज तिथे काही उभं नाही. माणसांना पकडून चौकशा, शिक्षा झाल्या, हे सरळ सांगायचं. आणि हे पण सांगायचं की शेजारच्या बाकावर जी बाई गुडघे टेकून बसलीय ती आजची गोवेकरीण आहे, तिच्याकडे बोट दाखवून कुजबुजायचं नाही.

इथूनच मंगेशीचा धागा लागतो आणि सासऱ्यांचा आक्षेप खरा इथे सुटतो. मंगेशाचं मूळ स्थान कुशस्थळी, आजचं कुठ्ठाळी. १५६० मध्ये तिथून लिंग हलवून नदीपलीकडे प्रियोळला नेलं, कारण तो भाग तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांचा हात तिथे पोचत नव्हता. आणि से कॅथेड्रल सुरू झालं १५६२ मध्ये. दोन वर्षांचा फरक. म्हणजे इकडे पाया खणला जात होता त्याच दिवसांत तुमचे पूर्वज देव घेऊन रात्रीचे नदी ओलांडत असणार, आणि म्हणूनच गोव्यातली आपली इतकी कुलदैवतं फोंड्याच्या आसपास एकवटलीत. शांतादुर्गा पण तशीच केळोशीहून कवळ्याला आली. पुढे १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला दिलं. सकाळी ओल्ड गोवा बघून दुपारी मंगेशीला गेलात तर ही एकच हकिकत दोन्ही बाजूंनी बघून होते. फक्त देऊळ बघितलं तर देव इथे का आला हेच मुलांना कळत नाही.

पण इथे परिस्थितीप्रमाणे बदल आहे. सासऱ्यांना अभिषेक करायचा असेल, उपाशीपोटी करायचा असेल, तर सकाळी मंगेशीच, वाद घालू नका. मग जेवून अडीचच्या सुमारास बॉम जीझस, से, आणि ऊन कललं की ऑगस्टीन, फार उशीर नको कारण संध्याकाळी गेट बंद होतं. तेव्हा भिंतीचा तो क्रम उलटा होतो, झाकलेलीपासून उघडीपर्यंत, जरा मजा कमी होते पण चालतं.

नुसतं दर्शन असेल तर दिवस असा: आठला कळंगुट सोडा, नऊला ऑगस्टीन, दहाला बॉम जीझस, अकराला से आणि बसणं, साडेबाराला जेवण, मग अर्ध्या तासात मंगेशी. जेवणाचं म्हणाल तर दर्शनाआधी मासे नाहीत हे सासरे सांगतीलच, ओल्ड गोव्यात साधी थाळीची ठिकाणं आहेत पण दिवाळी ते लाभपाचम आख्खं गुजरात गोव्यात असतं, त्यामुळे एक वाजता टेबल मिळत नाही, साडेबाराच्या आधीच बसा. मुलांसाठी डब्यात आपलं थेपलं-लोणचं ठेवा, हसू नका, हेच कामाला येतं. सासूबाईंना मंगेशीला पार्किंगपासून देवळापर्यंत फुलवाल्यांच्या रांगेतून चालावं लागतंच, म्हणून सकाळी त्यांची पावलं वाचवायची.

त्या किती चालतील याचा अंदाज नसेल तर निघायच्या आधी एक रविवार चांपानेरला जाऊन या. बडोद्याहून ५० किलोमीटरच्या आतबाहेर, आणि कहाणी पण ओळखीची: महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागड घेऊन खाली राजधानी वसवली, १५३५ मध्ये हुमायूनने लुटली, मग शहर ओस. ओल्ड गोवा ओस पडलं ते मलेरिया-कॉलऱ्याने, लोक हळूहळू पणजीकडे सरकले आणि १८४३ मध्ये राजधानीही तिकडे गेली. चांपानेरच्या जामी मशिदीत सासूबाई पाऊण तास न कुरकुरता फिरल्या तर ऑगस्टीन पण जमेल. वीस मिनिटांत बसल्या तर टॉवर त्यांना गाडीतूनच दाखवा आणि हॉटेलला व्हीलचेअर आहे का ते आत्ताच विचारून ठेवा. मुलांना पण पडकं शहर म्हणजे काय हे आधी कळलेलं असतं.

वार तुमच्या हातात असेल तर सोमवार घ्या. बीचवरची वीकेंडची मंडळी परतलेली असतात, म्युझियम चालू असतं, आणि मंगेशीला सोमवारी संध्याकाळच्या आरतीआधी पालखी निघते, वाजंत्री वगैरे. तसं केलंत तर मंगेशीला लवकर पोचायची घाई नको, जेवून तासभर हॉटेलात किंवा गाडीत विश्रांती घ्या आणि चारनंतर निघा. मग परतताना अंधार होईल, पणजीची घंटा काही दिसणार नाही, ती दुसऱ्या दिवशी मिरामारला जाताना दाखवा, बीच म्हटल्यावर मुलं गाडीत आधी बसलेली असतील.